मागे राहील त्याचे घर

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेच्या हीरक महोत्सवात निवृत्तीचा विषय कशाला, असे एखाद्याला वाटेल. परंतु साठ वर्षे चाललेल्या शाळेचे पहिले विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांची मुले याच वर्गांतून शिकली आणि त्यांतली कितीतरी आता अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे स्थिरावली आहेत. हैदराबादच्या मराठी घरांत हल्ली दोन माणसे आणि चार रिकाम्या खोल्या हे चित्र नवे राहिलेले नाही. अशा घरांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. उरलेले आयुष्य मुलांकडे, परदेशात काढावे काय?

एक जोडपे डोळ्यांपुढे आणावे. अशी जोडपी या शहरात घरोघर आढळतात, म्हणून त्यांना नाव देण्याचे कारण नाही. गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद येथील मुख्यालयात हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. पत्नी सहासष्ट वर्षांच्या. काचीगुड्यात आजोबांच्या वेळचे दुमजली घर. एकुलती एक मुलगी न्यू जर्सीत. तिने आणि जावयांनी तेथील नागरिकत्व घेतलेले. नातवंडे आठ आणि पाच वर्षांची. मुलीचा व्हिडिओ कॉल दर रविवारी सकाळी येतो. एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, तुमच्या दोघांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरून टाकते. तुम्ही फक्त हो म्हणा.” बाबा म्हणाले, “आईला विचारतो.” आई म्हणाल्या, “यांचं ठरलं की कळवू.” त्याला आठ महिने झाले. विषय दर रविवारी निघतो आणि दर रविवारी याच दोन वाक्यांपाशी थांबतो.

स्थलांतर ही या घराला नवी गोष्ट नव्हे. हैदराबादची बहुतेक मराठी कुटुंबे केव्हातरी बाहेरून आलेली आहेत. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातून कोणी वकिलीसाठी आले, कोणी सरकारी नोकरीसाठी, कोणी शिक्षक म्हणून. १९०७ साली विवेक वर्धिनी सुरू झाली, ती याच वस्तीच्या बळावर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या हैदराबाद राज्याचे कर्मचारी तीन राज्यांत वाटले गेले. किती घरांत तेव्हा रात्र रात्र चर्चा झाल्या असतील! काहींनी ट्रंका बांधल्या. काहींनी येथेच राहण्याचे ठरवले, आणि राहिले म्हणूनच मुलांसाठी मराठी शाळा चालवाव्या लागल्या.

मात्र त्या पिढीच्या स्थलांतरात आणि आजच्या प्रश्नात एक मोठा फरक आहे. तेव्हा गेलेल्याच्या हातात काम होते. नव्या गावात सकाळी दहा वाजता कोणीतरी त्याची वाट पाहत असे. कामामुळे ओळखी होत, ओळखीमुळे भाडोत्री घर मिळे, भाषा येई, मुलांच्या सोयरिकी जुळत. सत्तराव्या वर्षी देश बदलणाऱ्याची अशी वाट पाहणारे कोणी नसते. त्याला तेथे मुलीच्या घराच्या आधाराने उभे राहायचे असते. म्हणून आजोबांचे धाडस नातवाला दाखला म्हणून पुरत नाही. निर्णयाची मांडणी वेगळी करावी लागते.

पहिली गोष्ट दाराची. परदेश हा एक देश नव्हे, आणि प्रत्येक देशाने आईवडिलांसाठी वेगवेगळे दार ठेवले आहे. अमेरिकेत एकवीस वर्षांवरील नागरिक मुलाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मुलाकडे स्वतःचे केवळ ग्रीन कार्ड असेल, तर हा अर्ज करता येत नाही. कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ हा कायम वास्तव्याचा परवाना नव्हे. परंतु त्यावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात किती मुले तेथे स्थायिक आहेत आणि किती इतरत्र, हे आधी मोजले जाते. शिवाय तुलनेने लवकर मिळणाऱ्या पालक व्हिसाचा खर्च प्रत्येकी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे. इंग्लंडने २०१२ साली नियम इतके कडक केले, की दीर्घकाळ शुश्रूषेची गरज आहे आणि ती मायदेशी मिळणे शक्यच नाही, हे सिद्ध करावे लागते. धडधाकट आईवडिलांना तेथे कायमचे नेणे जवळजवळ अशक्य झाले आहे. ज्यांची मुले इंग्लंडात आहेत, त्यांचा प्रश्न कायद्यानेच बराचसा सोडवून टाकला आहे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना मात्र खरोखरच ठरवावे लागते, कारण दार उघडे आहे.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. काचीगुड्याच्या गृहस्थांना निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणून लालागुड्याच्या रेल्वे रुग्णालयात दोघांसाठी उपचार मिळतात. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा त्यांना घर गहाण ठेवावे लागले नाही. अमेरिकेत पासष्टीवरील माणसांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी व्यवस्था आहे. परंतु नव्याने ग्रीन कार्ड घेतलेल्या माणसाला सलग पाच वर्षे तेथे राहिल्याशिवाय तिच्यात प्रवेश मिळत नाही. तोपर्यंत खासगी विमा. पाच वर्षांनंतरही, ज्याने तेथे नोकरी करून कर भरलेला नाही त्याला हप्ता भरावा लागतो. २०२५ साली रुग्णालयाच्या भागाचा हप्ता महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता, म्हणजे एका माणसामागे ७०३ डॉलर. गृहस्थांचे निवृत्तिवेतन पन्नास हजार रुपये आहे, असे धरले तर ते सहाशे डॉलरच्याही आत जाते. काचीगुड्यात जो माणूस महिनाअखेर चार पैसे शिल्लक टाकतो, भाचीच्या लग्नात आहेर करतो, गणपतीच्या वर्गणीत पहिला आकडा घालतो, त्याचे पूर्ण वेतन तिकडे एकट्याच्या विम्याच्या हप्त्यालाही पुरणार नाही. मुलगी आनंदाने भरील. तिला ते जड जाणार नाही, असेही धरू या. परंतु चाळीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला दर महिन्याला हा आकडा दिसत राहील.

तिसरी गोष्ट येथल्या पैशाची. कायमचे जाणारा माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होतो. त्याचे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे लागते; त्या खात्यावरील व्याजातून तीस टक्के आणि वरचे अधिभार आधीच कापले जातात; ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. उलट, ग्रीन कार्ड घेताच अमेरिका त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागू लागते. भारतातील सर्व खात्यांतील रक्कम मिळून वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती दरवर्षी वेगळी कळवावी लागते. काचीगुड्याच्या वरच्या मजल्याचे भाडेसुद्धा तेथील विवरणपत्रात दाखवावे लागेल. यात अन्याय काही नाही. परंतु हे आधी ठाऊक असावे. बहुतेकांना ते गेल्यावर कळते.

चौथी गोष्ट दिवसाची, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा त्या घरात काय घडणार? मुलगी-जावई कामावर, नातवंडे शाळेत. या बाई मुलीच्या दोन्ही बाळंतपणांना न्यू जर्सीत जाऊन आल्या आहेत. त्या दिवसांत घरात तान्हे मूल होते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणे यांत सहा महिने कसे गेले ते कळलेही नाही. आता नातवंडे आठ आणि पाच वर्षांची आहेत. नऊ-दहा वर्षांत मोठा नातू स्वतः गाडी चालवू लागेल. आजी-आजोबांची गरज ज्या काळात सर्वाधिक असते, तो काळ आठ-दहा वर्षांत सरतो, आणि नेमकी तेव्हाच आजी-आजोबांना स्वतःला कोणाची तरी गरज लागू लागते.

या बाई काचीगुड्यात चार भाषांत वावरतात. भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस, रिक्षावाल्याशी दखनी हिंदीत वाद, भजनी मंडळात मराठी, बँकेत जरुरीपुरते इंग्रजी. गुडघे दुखत असले तरी मंडईत त्या एकट्या जातात आणि येताना दोन घरी बसून येतात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकाने ओळीने आहेत, तेथे कढीपत्त्यापासून चितळ्यांच्या बाकरवडीपर्यंत सारे मिळते. परंतु तेथवर जायला कोणीतरी गाडीने न्यावे लागते. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि पदपथावर न दिसणारा बर्फ असतो. तेथे मराठी मंडळे आहेत. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे, आणि ठिकठिकाणी शनिवार-रविवारी मुलांसाठी मराठी शाळा भरतात. ज्यांना शिकवण्याची हौस आहे, त्यांना अशा शाळेत जागा सापडते आणि आठवड्याला एक दिवस खरा अर्थ येतो. उरलेल्या सहा दिवसांचा विचार ज्याचा त्याने करायचा असतो.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग राहावे येथेच. परंतु येथे राहण्याचीही किंमत आहे, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर मुलगी वीस तासांहून अधिक अंतरावर असते. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, परंतु रुग्णालयाच्या अर्जावर सही करणारे माणूस योजनेत मिळत नाही. अनेक जण कुलमुखत्यारपत्रावर विसंबतात. ते पत्र देणाऱ्याचे निधन झाले, किंवा तो भान हरपून निर्णय घेण्यास असमर्थ झाला, की त्याचा अंमल संपतो, म्हणजे जेव्हा गरज पडते नेमके तेव्हाच. येथे राहायचे ठरवणाऱ्यालाही तयारी करावी लागते: नोंदवलेले मृत्युपत्र, दोघांच्या नावाची खाती, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेली आणि २०२३ साली सोपी केलेली अंतिम उपचारांविषयीची आगाऊ सूचना, शेजारी ठेवलेली घराची दुसरी किल्ली. नुसते राहून जाणे याला राहण्याचा निर्णय म्हणता येत नाही.

आता पुन्हा त्या आठ महिन्यांकडे वळू या. गृहस्थांना वाटत होते, की पत्नीचा जीव नातवंडांत अडकला आहे आणि केवळ आपल्या आजारामुळे ती बोलत नाही. पत्नीला वाटत होते, की यांना मुलीपाशी राहायचे आहे आणि केवळ आपल्या भजनी मंडळापायी ते अडले आहेत. मुलीला वाटत होते, की आपण विचारले नाही तर लोक काय म्हणतील, आणि आईबाबांनाही वाईट वाटेल. तिघेही एकमेकांसाठी बोलत होते. स्वतःसाठी कोणी बोललेच नव्हते.

तिढा सुटला तो एका साध्या प्रसंगाने. शेजारच्या गल्लीतील एक गृहस्थ वारले. ते आणि त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी घर विकून मुलाकडे गेले होते. अस्थी घेऊन पत्नी हैदराबादेत आल्या, तेव्हा त्या बहिणीच्या घरी उतरल्या. तेराव्याला भेटायला आलेल्यांना त्या म्हणाल्या, “तिथं माझं काही वाईट नाही हो. पण यांच्याशिवाय तिथं मला कोणी नाही, आणि इथं आता मला घर नाही.”

घरी परतल्यावर रेल्वेच्या गृहस्थांनी जुन्या सवयीने दोन कोरे कागद काढले. एक पत्नीला दिला. “अगं, तू तुझं लिही, मी माझं लिहितो. मी गेल्यावर तुला कुठं राहायचंय, एवढंच लिही. नातवंडं नकोत, माझं मत नको.” पत्नी म्हणाल्या, “अहो, असलं अभद्र कशाला?” पण लिहिले. कागद समोरासमोर ठेवले, तेव्हा उत्तरे वेगळी निघाली. गृहस्थांनी लिहिले होते, ‘तू नसताना मला या घरात राहता येणार नाही. मुलीकडे जाईन.’ पत्नीने लिहिले होते, ‘याच घरात राहीन. वरच्या मजल्यावर चांगले भाडेकरू ठेवावेत. खाली न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यावा.’

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे हे उत्तर ठाऊक नव्हते.

येथे या विषयाचे मर्म आहे. परदेशी जाण्याचा निर्णय नेहमी जोडप्यासाठी घेतला जातो. दोघे मिळून विमानात बसतील, दोघे मिळून नातवंडांना गोष्टी सांगतील, असे चित्र असते. परंतु उत्तरायुष्याचा शेवटचा टप्पा बहुधा एकालाच काढायचा असतो, आणि तो टप्पा काही वर्षांचाही असू शकतो. दोघे असताना परका देश सोसतो, कारण दिवसभर बोलायला माणूस असते. म्हणून प्रश्न असा विचारावा: मागे राहील त्याला, किंवा तिला, कोठे जगता येईल? आणि दोघांची उत्तरे वेगळी असतील, तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतील असे आज काय करता येईल?

त्या जोडप्याने काय केले, ते सांगण्यासारखे आहे. पहिला निर्णय, घर विकायचे नाही. दुसरा, ग्रीन कार्डाचा अर्ज तूर्त भरायचा नाही. कायम वास्तव्याचा अर्ज दाखल झाला, की पर्यटक म्हणून जाताना अधिक कसून चौकशी होऊ शकते. शिवाय ग्रीन कार्ड घेऊन वर्षाहून अधिक काळ भारतात राहिले, तर ते गमावण्याची पाळी येते. पाहुण्याच्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते. ते सहा महिने ऑक्टोबर ते मार्च असे निवडले, म्हणजे तेथील पूर्ण हिवाळा पदरात पडेल. उन्हाळ्यातली अमेरिका त्यांनी पूर्वी पाहिली होती. मुलीला एक अट घातली, की पाहुण्यासारखे कोठे फिरवायचे नाही; तुमचा आठवडा जसा जातो तसा जाऊ द्यायचा. प्रवासाचा विमा घेताना जुने आजार त्यात बसत नाहीत, हे बारीक अक्षरांतले कलम गृहस्थांनी स्वतः वाचले आणि स्टेंटचे कागद व सहा महिन्यांची औषधे बरोबर घेतली. दरवर्षीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो; जाण्यापूर्वी त्याची चौकशी केली. तिसरा निर्णय, परतल्यावर एप्रिलात तेच दोन कागद पुन्हा काढायचे आणि पुन्हा वेगवेगळे लिहायचे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. पत्नी आधी गेली आणि गृहस्थ वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुलीकडे कायमचे गेले, तर मेडिकेअरसाठी त्यांना त्र्याऐंशीपर्यंत थांबावे लागेल. तोवरच्या विम्याचा भार मुलीवर पडेल. त्यांनी तो आकडा कागदावर मांडून मुलीला दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबा, हे आधीच सांगितलंत ते बरं केलंत. आम्ही आतापासून बाजूला काढू.” उलट पक्षी, गृहस्थ आधी गेले तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. ते साधारणतः अखेरच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के असते. त्यात वरच्या मजल्याचे भाडे मिळवून काचीगुड्यात त्यांचे भागेल, न्यू जर्सीत भागणार नाही. तो हिशेबही त्याच कागदाच्या मागे आहे.

या सभागृहात दोन पिढ्या बसल्या आहेत. मुलांनी विचारताना ‘तुम्ही या’ एवढेच न म्हणता ‘तुमच्यापैकी एकालाच राहावे लागले तर कोठे आवडेल’ असे विचारण्याचे धैर्य करावे. ते अभद्र नव्हे. ते न विचारल्यामुळे जे घडते, ते अधिक दुःखद असते. आईवडिलांनी ‘तुम्ही ठरवाल ते’ हे उत्तर देऊ नये. ते समजूतदार वाटते, परंतु त्याने निर्णयाचे ओझे मुलांच्या खांद्यावर जाते. आणि निर्णय होईपर्यंत, झाल्यावरही निदान पहिला हिवाळा पार पडेपर्यंत, घराची विक्री करू नये.

काचीगुड्याच्या घराला ऑक्टोबरात कुलूप लागले. न्हाणीघरातला दांडा त्याआधी बसवून झाला होता.